कुनमिंगला मला कोणी चूक म्हणेना

शुक्रवार, २५ जुलै, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. चीनमधलं कुनमिंग शहर, तिथल्या एका विद्यापीठाचा भाषा विभाग, दुसरा मजला, तोंडी परीक्षेची खोली. या वेळी आणि या ठिकाणी माझ्यावर अन्याय झाला. मी आत गेले, तर परीक्षा घेणाऱ्या ल्यू बाई उठून उभ्या राहिल्या. मला खुर्ची सरकवून दिली, कागदी पेल्यात गरम पाणी ओतलं, तब्येत कशी आहे विचारलं. मी चिनीत सांगितलं, ठणठणीत. त्या म्हणाल्या, "वा! किती छान बोलता!" कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला दारापर्यंत पोचवायला आल्या. पाणी अजून पिण्याजोगं निवलंही नव्हतं.

पास. उत्तम श्रेणी. एकही प्रश्न न विचारता.

माझं वय सहासष्ट. नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, तिथल्या सिस्टर एका चुकलेल्या स्पेलिंगला एक पट्टी मारायच्या. नंतर ओझरच्या विमान कारखान्यात पत्रव्यवहार विभागात नोकरी करून निवृत्त झाले. आयुष्यात फुकटचे मार्क कधी घेतले नाहीत आणि कुणाला दिले नाहीत. उतारवयात परदेशी जाऊन शिकायचं स्वप्न पाहणाऱ्या माझ्या वाचकांनी हे वर्णन जरूर वाचावं. खाण्यापिण्याची, प्रवासाची माहिती यात आहेच. पण तिथे तुम्हाला काय मिळणार नाही, तेही आहे.

जायचं का ठरलं, ते आधी सांगते. माझा मुलगा निखिल सिंगापूरला असतो. त्याची बायको लान कुनमिंगची. गुणी मुलगी, इंग्रजी उत्तम, माझ्याशी कायम गोड. माझ्या विहीणबाई मात्र फक्त चिनी बोलतात. दोन हिवाळ्यांपूर्वी नाशिकला लग्न झालं. जेवणं झाल्यावर विहीणबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि हातवारे करत चांगलं मोठं भाषण केलं. त्यांच्याकडची मंडळी हसली, मग गप्प झाली. एका मावशीने डोळे पुसले. मी निखिलला विचारलं, "काय म्हणाल्या?"

"जेवण छान होतं म्हणाल्या."

"एवढंच? रडल्या ना त्या मावशी. जेवणावर कोण रडतं?"

"आई, साधारण तेच."

त्या 'साधारण'वर माझी झोप उडाली. मोबाइलवरचं भाषांतराचं यंत्र तर निखिलपेक्षा लबाड, सगळ्यालाच साखर लावतं. दुसऱ्याच आठवड्यात मी ऑनलाइन शिकवणी लावली. गंगापूर रोडच्या माझ्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी मी चिनी उच्चारांचे चार सूर आळवायची, सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो. शेजारच्या बाईंना वाटलं, मी गाण्याच्या क्लासला लागले.

मग या वर्षी बातमी आली. लानला दिवस गेले, डिसेंबरमध्ये बाळंतपण, तेही सिंगापूरला. निखिल म्हणाला, "तिची आई येईल, तूही ये." दोन खोल्यांचं घर, एक ओटा, दोन आज्या आणि मधे 'साधारण' सांगणारा दुभाषा. आपल्याकडे बाळंतिणीला रोज तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालतात. त्यांच्याकडे महिनाभर बाळंतिणीच्या अंगाला पाणी लागू देत नाहीत, वारा लागू देत नाहीत. हे मला लानच्या तोंडून अगदी सहज कळलं. पहिलं बाळंतपण माहेरचं, तो हक्क विहीणबाईंचा, मला मान्य. पण नातवंड माझंही आहे आणि मी कोपऱ्यात बसून हसत राहणाऱ्यांपैकी नाही. मला त्या घरात भांडता येईल इतकी चिनी हवी होती. एवढाच माझा अभ्यासक्रम.

कुनमिंगच्या विद्यापीठात उन्हाळी वर्ग असतात. वयाची अट नाही. प्रवेशाचं पत्र आलं की मुंबईत व्हिसाच्या कार्यालयात बोटांचे ठसे द्यावे लागतात. बोटं झिजलेली असतील तर आधीपासून क्रीम लावून जा, माझे ठसे तीनदा घेतले. इगतपुरीच्या पुढे समृद्धीच्या बोगद्यातून गाडी सुसाट निघाली. घाट कधी सरला कळलंच नाही, त्यामुळे मनाची तयारी व्हायच्या आत मी विमानतळावर होते. मुंबईहून बँकॉक, तिथून कुनमिंग. तिथे रोख कुणी घेत नाही, भाजीवाल्यालाही मोबाइलवरूनच पैसे लागतात. ते अॅप घरी असतानाच सुरू करा. आपले रोजचे निरोपाचे अॅप तिथे उघडत नाहीत, त्याचीही सोय इथूनच करून जायची. मी केली नव्हती. पहिले काही दिवस निखिलला वाटलं, आई हरवली.

कुनमिंग उंचावर आहे. जूनमध्येही संध्याकाळी स्वेटर लागतो आणि पाऊस मनात येईल तेव्हा येतो. खोली वसतिगृहात, स्वस्त आणि स्वच्छ, पण चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. सगळीकडे उकळत्या पाण्याचे नळ आहेत, त्यामुळे एक थर्मास घेतला की चहाचा प्रश्न मिटतो. सकाळी गल्लीच्या तोंडाशी मीश्येन मिळतात, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा भला मोठा रस्सा. वाडगाभर दीडशे रुपयांत, दुपारपर्यंत भूक नाही. 'मांस नको' हे वाक्य पाठ केलं तरी रस्सा हाडांचाच असतो हे लक्षात ठेवा. मी खाते, मला चालतं. शाकाहारी मंडळींनी शेळीच्या दुधाचं पनीर शोधावं, तव्यावर लालसर भाजून देतात.

वर्गात माझ्या बाजूला एक मराठी मुलगी निघाली. प्रणाली, सटाण्याची. नाशिकला कॉलेज केलं, आता शिष्यवृत्तीवर तिथेच वर्षभर शिकते. पहिल्या दिवशी मला पाहून म्हणाली, "आजी, तुम्ही नातवाला सोडायला आलात का?"

"आजी व्हायला मला डिसेंबरपर्यंत अवकाश आहे," मी म्हटलं. "तोवर वही काढ आणि सरक."

तिला दुभाषी व्हायचंय. मालेगावला चिनी बनावटीचे माग येतात, त्यांच्याबरोबर चिनी फिटर येतो आणि मग मालक आणि फिटर दिवसभर एकमेकांना हातवारे करतात. "मी मधे उभी राहिले ना आजी, तर दोघांचं बी पी खाली येईल," असं तिचं म्हणणं. त्यासाठी तिला या वर्गाचे मार्क पाहिजेत.

आता अन्यायाची सुरुवात. आमचा वर्गही ल्यू बाईच घ्यायच्या. पस्तिशीच्या, चटपटीत, तोंडाने फटकळ. प्रणालीचा एक सूर चुकला की टेबलावर बोट आपटायच्या. "पुन्हा. पुन्हा. नाही, पुन्हा." एका रशियन मुलाला त्यांनी एकच वाक्य इतके वेळा म्हणायला लावलं की त्याचा घसा बसला. मग माझी पाळी आली. मी वाक्य म्हटलं. त्यात चुका होत्या, मला स्वतःला ऐकू आल्या. बाई हसल्या, म्हणाल्या, "फार छान!" आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या! मी काय नर्सरीत कविता म्हटली होती?

रोज तेच. प्रणालीची वही लाल, माझी कोरी. मी मुद्दाम वाक्य उलटंसुलटं म्हणून पाहिलं. "फार छान!" मी तोंडावर विचारलं, "चूक सांगा ना." त्या म्हणाल्या, "तुम्ही इतक्या लांबून या वयात शिकायला आलात, यातच सगळं आलं." बसमध्ये चढले की चार जण उभे राहायचे. दुकानदार माझं अर्धं वाक्य ऐकून म्हणायचा, "तुमची चिनी अप्रतिम!" आणि मी मागितलेलीच वस्तू द्यायचा नाही. तळ्याकाठी माझ्या वयाच्या बायका गाणी लावून नाचतात, त्यांनीही मला मधे घेऊन चुकीच्या पायावर कौतुक केलं. मला त्या शहरात बसवेना. एक बस सोडून दुसरी धरायची, दोन थांबे जाऊन उतरायची, पुन्हा चढायची. कुणीतरी एकदा सांगा की बाई, तुमचं काही कळत नाही.

प्रणाली एकदा जिन्यात रडत बसली होती. मी शेजारी बसले तर घरच्या बोलीत उसळली, "तुमनं बरं शे आजी, तुमले कोनी बोलत नही!"

"अगं, तेच तर दुखणं आहे," मी म्हटलं. "मला रडवायला कोण तयार आहे, सांग."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी मश्रूम खाल्ले होते. हेही सांगून ठेवते. पावसाळ्यात तिथे रानातले मश्रूम येतात, आणि कच्चे राहिले तर माणसाला भिंतीवर भलतंच दिसायला लागतं. हॉटेलात हंडी उकळत असताना टेबलावर घड्याळ लावतात आणि ते वाजेपर्यंत हातात जेवायच्या काड्या देत नाहीत. चव अशी की आपल्याकडच्या डबाबंद मश्रूमला हात लावावासा वाटणार नाही. पण घड्याळ वाजू द्या.

विहीणबाईंकडे मी पहिल्याच रविवारी गेले होते. त्यांचा फुलांचा धंदा आहे. मेट्रोच्या एक नंबर लाइनवर दौनान नावाचं स्टेशन आहे, तिथे फुलांचा प्रचंड बाजार भरतो. त्यांचं घर जवळच. त्यांनी माझं काय केलं असेल? तेच. सोफ्यावर बसवलं, फळं कापली, माझ्या वाडग्यात पदार्थांचा डोंगर रचला. मी बोलले की मान डोलवायच्या, "हो हो, छान." मी विचारलं, "लानच्या बाळंतपणात काय काय करायचं?" उत्तर आलं, "तुम्ही काळजी करू नका, तुम्ही आराम करा." डिसेंबरचं चित्र माझ्यासमोर उभं राहिलं. सिंगापूरचा सोफा, कापलेली फळं आणि आराम करणारी मी.

पण एक गोष्ट त्या दिवशी मिळाली. आपण एकमेकींच्या कोण लागतो, असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "छिंगच्यामू." म्हणजे विहीण. नात्याला नेमका शब्द! कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं इंग्रजी घोकली, तिच्यात या नात्याला धड शब्द नव्हता. या भाषेत होता. म्हणजे भांडणाची सोय त्यांच्याकडेही पूर्वापार असणार.

तिसऱ्या रविवारी त्या घरी नव्हत्या. शेजारणीने बाजाराकडे बोट दाखवलं. गेले. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, गुलाबांचे भारे, ओली जमीन, आरडाओरडा. आता हेही सांगायला हवं की मी माळ्याची मुलगी. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात शेवंती आणि गुलाब होता. पहाटे वडील फुलबाजारात माल टाकून तिथूनच मला शाळेत सोडायचे. सिस्टर म्हणायच्या, हिच्या दप्तराला कसला वास येतो. तर विहीणबाई गाळ्यावर गुलाबाच्या जुड्या बांधत होत्या, त्यांची मदतनीस त्या दिवशी आली नव्हती आणि गिऱ्हाईक डोक्यावर उभं. मला पाहून त्या स्टूल शोधायला लागल्या. मी पदर खोचला, एक भारा ओढला आणि आमच्या पद्धतीने खालची पानं ओरबाडून, फुलं खालीवर करून, चटचट जुडी बांधली.

विहीणबाई माझ्या हातावर चापट मारून ओरडल्या, "चूक!"

वाचकहो, मला हर्ष झाला.

त्यांनी जुडी सोडली आणि पुन्हा बांधून दाखवली, सगळी डोकी एका पातळीत. मी म्हटलं, असं बांधलं तर वरच्या पाकळ्या दबतात. माझ्या चिनीत म्हटलं, म्हणजे कसंबसं. त्या म्हणाल्या, "काय? काय बोलताय? कळत नाही! नीट बोला!" मी पुन्हा बोलले. "नाही! पुन्हा!" शेजारच्या गाळ्यावरचा माणूस काम थांबवून बघत राहिला. दबतात की नाही यावर आम्ही दोघी गिऱ्हाइकांच्या देखत इतक्या भांडलो की एकाने तर आम्हाला समजवायचा प्रयत्न केला. विहीणबाईंनी त्याला हाकललं. "तुम्ही मधे पडू नका, ही माझी विहीण आहे!"

त्या दिवसापासून वर्ग सुटला की मी मेट्रो पकडून दौनानला जायची. सोफ्यावर मी पाहुणी होते, विद्यापीठात ज्येष्ठ नागरिक. गाळ्यावर मात्र माझ्या ढिसाळ वाक्यामुळे जुडी चुकत होती आणि माल अडत होता. तिथे 'छान' म्हणायला कुणाला फुरसत नव्हती. विहीणबाई माझा प्रत्येक सूर दुरुस्त करायच्या, तोंडात खिळा मारावा तशा. मी त्यांना पाकळ्या न दुमडता कागदात गुंडाळायला शिकवलं. त्यांनी ते सहा दिवस नाकारलं आणि सातव्या दिवशी गुपचूप केलं. मी पाहिलं. बोलले नाही. खोटं कशाला सांगू, बोलले.

एका संध्याकाळी काटे काढता काढता मी विचारलं, "लग्नात काय म्हणाला होतात? निखिल म्हणतो, जेवण छान होतं."

विहीणबाईंनी कात्री खाली ठेवली. "जेवण? भात कच्चा होता. तेच आधी सांगितलं, म्हणून लोक हसले." मग सावकाश, मला एकेक शब्द कळेल असं बोलल्या. "म्हटलं, माझी मुलगी रागावली की जेवत नाही. दार लावून बसते. तिला हाक मारू नका, दाराबाहेर ताट ठेवा आणि निघून जा. ती खाते. हे तिच्या बापाला माहीत होतं, तो गेला. आता मला माहीत आहे आणि तुम्हाला."

दोन वर्षं. दोन वर्षं हे माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. सिंगापूरला गेल्या खेपेला लान एकदा दार लावून बसली होती, आणि मी दारावर थापा मारमारून तिला जेवायला बोलवत होते. निखिल बाहेर उभा राहून "आई, राहू दे" म्हणत होता. का राहू दे, ते त्याला सांगता आलं नाही. त्यालाही बहुतेक 'साधारण'च कळलं होतं.

पुढचा रविवार मी वर्गाबरोबर दगडी जंगल बघायला गेले. झाडांसारखे उभे उंच सुळके, सुंदर आहे, गर्दी फार, सकाळी लवकर जा. माझं लक्ष नव्हतं. मी सुळक्यांमधून भराभर चालत परीक्षेची वाक्यं म्हणत होते. मला मार्क हवे होते. गाळ्यावर विहीणबाईंना माझं कळतं, कारण आता त्यांना माझी सवय झाली. पण सिंगापूरच्या दवाखान्यात, चिनी बोलणाऱ्या नर्ससमोर, घाईच्या वेळी माझं बोलणं परक्या माणसाला कळेल का? हे परीक्षेशिवाय कोण सांगणार? म्हणून मी शुक्रवारी दहा वीसला त्या खोलीत गेले. आणि मला गरम पाणी मिळालं.

मी दारातून परत वळले होते. म्हटलं, "बाई, प्रश्न विचारा. नापास करा, पण विचारा."

ल्यू बाई गोंधळल्या. "तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. मी तुम्हाला नापास कसं करू? लोक मला काय म्हणतील?"

"तुमच्या आईचा भात कच्चा राहिला तर सांगता का?"

त्या खळखळून हसल्या, म्हणाल्या, "बघा, किती छान बोलता!" आणि पुढच्या विद्यार्थ्याला हाक मारली.

प्रणालीला चांगलं घाम फुटेपर्यंत विचारलं. ती काठावर पास झाली. बाहेर येऊन माझं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र बघून म्हणाली, "आजी, तुमचं माझ्यापेक्षा भारी."

"अदलाबदल करतेस?" मी विचारलं. तिने आपला लाल शेऱ्यांनी भरलेला कागद छातीशी धरला. शहाणी मुलगी.

नाशिकला परत आले त्याला आता महिना होत आला. सोसायटीने माझा सत्कार ठेवला, शाल दिली, मला चिनीत चार शब्द बोलायला लावले. मी म्हटलं, "तुम्हा कोणाला यातलं काही कळत नाहीये." टाळ्या पडल्या. प्रमाणपत्र कपाटात उलटं ठेवलं आहे.

परवा विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल झाला, निखिल आणि लानही होते. बाळंतिणीच्या आंघोळीचा विषय मीच काढला. विहीणबाई म्हणाल्या, महिनाभर पाणी नाही. मी म्हटलं, पहिल्या आठवड्यापासून तेल आणि कढत पाणी. त्या म्हणाल्या, सर्दी होईल. मी म्हटलं, घामोळं येईल, सिंगापूर आहे ते, कुनमिंग नाही. आवाज चढले. निखिल मधे पडला, "आई, त्या म्हणताहेत की..."

"तू गप्प बस," मी म्हटलं. "मला कळलंय."

तिकडून विहीणबाईंनीही त्याला जवळजवळ तेच ऐकवलं. लान पोटाला हात लावून इतकी हसली की मला भीती वाटली. निकाल लागलेला नाही. विहीणबाई सध्या ओल्या फडक्याने पुसण्यापर्यंत आल्या आहेत. मी त्यांच्या पद्धतीच्या, आलं उकळलेल्या पाण्याच्या आंघोळीला तयार झाले आहे. पण माझी शंका जिथल्या तिथे आहे. माझं बोलणं माझ्या विहिणीखेरीज कुणाला कळतं का?

म्हणून त्या भाषा विभागाला मी पत्र लिहिलं आहे, चिनीत, कुणाचीही मदत न घेता. मजकूर असा. माझी तोंडी परीक्षा व्हिडिओ कॉलवर, पूर्ण वेळ, इतरांना विचारले तेच प्रश्न विचारून घ्यावी. परीक्षक माझ्या ओळखीचे नसावेत. मार्क पडतील ते द्यावेत, शून्यसुद्धा. पूर्वीची 'उत्तम' श्रेणी रद्द करावी. आणि या पत्रातल्या चुका लाल शाईने दाखवून हेच पत्र मला परत पाठवावं. लेखी उत्तर ३० सप्टेंबर, भारतीय वेळेप्रमाणे संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मिळावं. तोंडी आश्वासन, फुलं किंवा कौतुक स्वीकारलं जाणार नाही.

परीक्षेच्या दिवशी गरम पाणी मी माझं घेऊन बसेन.